रक्तवाहिनी अंतःस्तराची पारगम्यता

रक्तवाहिन्यांच्या आतील बाजूस चपट्या पेशींचा एकेरी थर असतो. त्यास अंतःस्तर म्हणतात. रक्तातील पाणी, क्षार, प्रथिने व पांढऱ्या पेशी यांना या थरातून ऊतींमध्ये जाऊ देण्याच्या क्षमतेस अंतःस्तराची पारगम्यता असे म्हणतात. ही क्षमता स्थिर नसते. पेशींना मिळणारे रासायनिक संदेश आणि पेशीकंकालाची हालचाल यांमुळे ती काही मिनिटांतही बदलू शकते.

रचना

शरीराच्या सर्व भागांत हा थर सारखा नसतो. मेंदूतील केशवाहिन्यांत पेशी अतिशय घट्ट जोडलेल्या असतात, तर यकृतातील रक्तमार्गांत मोठी छिद्रे असतात. शोथाच्या वेळी होणारी गळती मुख्यतः केशवाहिन्यांच्या लगत पुढे असलेल्या सूक्ष्म नीलांमधून होते.

शेजारच्या पेशी परस्परांना घट्ट सांधे व आसंजक सांधे यांनी जोडलेल्या असतात. आसंजक सांध्यांतील व्हीई-कॅडहेरिन हे प्रथिन पेशीबाहेर शेजारच्या पेशीवरील तशाच प्रथिनाला धरते आणि पेशीच्या आत कॅटेनिन प्रथिनांमार्फत ॲक्टिनच्या तंतूंना जोडलेले असते. म्हणूनच पेशीच्या आत ताण वाढला की तो थेट सांध्यावर येतो.

पेशीकंकालातील ‘कंकाल’ हा शब्द काहीसा फसवा आहे. हाडांचा सांगाडा टिकाऊ असतो. ॲक्टिनचे तंतू मात्र सतत मोडतात व पुन्हा बांधले जातात. ते पेशीच्या कडेने वलयासारखे असले तर सांध्यांना आधार मिळतो. पेशीच्या आरपार जाडसर जुडग्यांच्या रूपात ते मांडले गेले, तर मायोसिन त्यांना खेचते, पेशी आकसते आणि दोन पेशींमध्ये फट पडते.

संदेशवहन

डास चावल्यावर त्वचेवर उठणारी गांधी हे याचे नित्य परिचयाचे उदाहरण. तेथील मास्ट पेशींतून हिस्टामाइन बाहेर पडते व अंतःस्तरावरील ग्राहीला चिकटते. त्यामुळे पेशीतील कॅल्शियम वाढते. कॅल्शियम कॅल्मोड्युलिनशी जुळून एक विकर सक्रिय करते आणि ते विकर मायोसिनच्या लघुशृंखलेवर फॉस्फेट बसवते. मायोसिन आता ॲक्टिनला खेचू लागते. थ्रॉम्बिनच्या बाबतीत रो-ए या प्रथिनाचाही मोठा वाटा असतो. ते सक्रिय झाल्यावर रो-कायनेज हे विकर फॉस्फेट काढण्याच्या क्रियेस अडथळा आणते, त्यामुळे आकुंचन अधिक काळ टिकते.

याच्या उलट दिशेने काम करणारे संदेशही आहेत. तांबड्या पेशींकडून रक्तद्रवात येणारे स्फिंगोसिन-१-फॉस्फेट रॅक-१ या प्रथिनामार्फत कडेचे ॲक्टिन-वलय बळकट करते. पेशीतील चक्रीय एएमपी वाढल्यानेही सांधे घट्ट होतात. बंद राहणे ही अंतःस्तराची निष्क्रिय अवस्था नव्हे. तीसाठीही अखंड संदेश लागतात, हे पाठ्यपुस्तकी आकृत्यांतून सहसा लक्षात येत नाही.

संशोधन

१९६१ मध्ये ग्वीदो मायनो व जॉर्ज पलाडी यांनी उंदरांना हिस्टामाइन व सेरोटोनिन टोचून आणि रक्तात सूक्ष्म कण सोडून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण केले. कण पेशींच्या मधल्या फटींतून बाहेर पडत असल्याचे त्यांना दिसले. १९६९ मध्ये मायनो व सहकाऱ्यांनी या फटी पेशींच्या आकुंचनामुळे पडतात, असे मांडले. १९८३ मध्ये डोनाल्ड सेंगर, हॅरॉल्ड ड्वोरॅक व सहकाऱ्यांनी अर्बुदपेशींतून स्रवणारा, पारगम्यता वाढवणारा एक घटक वर्णिला. नवीन रक्तवाहिन्या वाढवणारा व्हीईजीएफ हा घटक तोच असल्याचे पुढे स्पष्ट झाले.

वैद्यकीय महत्त्व

मधुमेहात दृष्टिपटलाच्या मध्यभागी येणाऱ्या सुजेवर व्हीईजीएफ रोखणारी इंजेक्शने डोळ्यात दिली जातात. जंतुदोषाच्या तीव्र अवस्थेत फुप्फुसांत द्रव साचण्यामागेही ही गळती असते.

डेंग्यूमध्ये सर्वसाधारण चर्चा प्लेटलेटच्या आकड्याभोवती फिरते. परंतु रुग्णाला आघातावस्थेत नेणारे प्रमुख कारण म्हणजे रक्तद्रवाची गळती होय. डेंग्यू विषाणूचे एनएस-१ हे प्रथिन अंतःस्तरावरील शर्करायुक्त आवरणाची हानी करते व पारगम्यता वाढवते, असे प्रयोगांत आढळले आहे. ही गळती बहुधा आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, ताप उतरत असतानाच सुरू होते आणि साधारणतः २४ ते ४८ तास टिकते. रक्तद्रव कमी झाल्याने रक्तातील तांबड्या पेशींचे आकारमानी प्रमाण, म्हणजे हिमॅटोक्रिट, वाढते. मूळ पातळीपेक्षा २० टक्के वा अधिक वाढ हे गळतीचे लक्षण मानतात. ताप उतरल्यावर पोटात तीव्र दुखणे, वारंवार उलट्या किंवा ग्लानी दिसल्यास रुग्णास तातडीने रुग्णालयात न्यावे लागते. शिरेतून द्रव मोजून द्यावा लागतो; कारण गळती थांबल्यावर बाहेर गेलेला द्रव पुन्हा रक्तात परततो आणि आधी दिलेला जादा द्रव त्या वेळी फुप्फुसांवर भार टाकतो.