भाडेकरू, दुरुस्ती आणि चाळीचा नळ

मुंबईच्या जुन्या चाळीत खोली भाड्याने घेतली म्हणजे माणसाच्या पदरात काय काय पडत असे, ते आधी पाहू. एक लहानशी खोली, ती त्याची एकट्याची. बाहेरची गॅलरी, जिना, जिन्यावरचा दिवा, मजल्याच्या टोकाला असलेला नळ आणि संडासांची रांग हे सगळे पुष्कळ चाळींत मजल्यावरच्या बिऱ्हाडांचे मिळून असे. खोलीला भाडेकरू स्वतःचे कुलूप लावू शकतो, नळाला नाही. नळाची किल्ली मालकाच्या हाती. भाडेकरूच्या हक्कांचा इतिहास वाचताना ही किल्ली सारखी डोळ्यांपुढे ठेवावी लागते.

खेड्यातले वाचक म्हणतील, हे शहराचे रडगाणे आम्हाला कशाला? पण त्या चाळींत राहिले कोण? रत्नागिरीचे, साताऱ्याचे, कोल्हापूरचे गिरणी कामगार. म्हणजे तुमच्याआमच्या घरचेच. आणि आज तालुक्याच्या गावी मुलांच्या शिक्षणासाठी खोली घेऊन राहणारी कुटुंबे, बदली होऊन आलेले शिक्षक हे भाडेकरूच की. मालक म्हणतो, "मोरी उकरायची आहे, महिनाभर पाणी नाही." मग काय करायचे?

पूर्वी याला उत्तर सोपे होते आणि ते मालकाच्या बाजूचे होते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे महिन्याच्या भाडेकरूला, वेगळा करार नसेल तर, पंधरा दिवसांची नोटीस दिली म्हणजे काम भागत असे. कुरकुर करणाऱ्याला मालक सरळ निघायला सांगे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, १८९८ साली शहरसुधारणेसाठी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, दाट वस्त्या पाडल्या गेल्या. पण पाडलेल्या घरांतली माणसे जाणार कुठे, हा प्रश्न उरलाच. त्यात पहिले महायुद्ध आले. माणसे वाढली, घरे वाढेनात, भाडी भडकली. तेव्हा १९१८ साली सरकारला भाड्यावर निर्बंध घालणारा कायदा करावा लागला. युद्धाची निकड म्हणून केलेला हा तात्पुरता इलाज होता आणि काही वर्षांनी तो संपला. दुसरे महायुद्ध आले तशी तीच गोष्ट पुन्हा झाली: १९३९ चा कायदा, मग १९४४ चा आणि शेवटी स्वातंत्र्याच्या वर्षीचा, १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा. हा शेवटचा मात्र टिकला, तो पन्नास वर्षांवर.

या कायद्याने दोन मोठ्या गोष्टी केल्या. भाडे साधारणपणे १ सप्टेंबर १९४० रोजी जे होते तिथे बांधून टाकले. त्याला प्रमाण भाडे म्हणतात. आणि ठरावीक कारणे कोर्टात सिद्ध केल्यावाचून भाडेकरूला काढता येणार नाही, असे म्हटले. गरिबाच्या डोक्यावर छप्पर राहिले ते यामुळे, हे नाकबूल करण्यात अर्थ नाही. पण दुसरी बाजूही बघा. सिमेंट महागले, गवंड्याची मजुरी वाढली, आणि भाडे राहिले १९४० चे. मालकाला इमारत सांभाळण्यात रस उरला नाही. त्याला रस राहिला तो जागा मोकळी होण्यात. भाडेकरू गेला की पागडी मिळते. कायदा त्याला काढू देत नाही. मग तो आपण होऊन जाईल असे काही करायचे.

इथे ती नळाची किल्ली पुन्हा येते. उघड पाणी तोडले तर बोभाटा होतो. दुरुस्तीच्या नावाखाली तोडले तर कोण बोलणार? परांची बांधली, संडासाची दारे काढली, टाकी फोडली, वाळूचा ढीग अंगणात टाकला, आणि गवंडी दिसेनासा झाला. आठवडा गेला, महिना गेला. घरात म्हातारे माणूस, बाळंतीण, शाळेत जाणारी मुले. दुसऱ्या चाळीतून पाणी किती दिवस आणणार? शेवटी माणूस थोडे पैसे घेऊन खोली सोडतो. मालकाला ना कोर्टात जावे लागले, ना कारण सिद्ध करावे लागले. प्रत्येक दुरुस्तीमागे असा कावा असतो असे मी म्हणत नाही. जुनी इमारत खरोखरच उकरावी लागते. पण खरी दुरुस्ती आणि खोटी दुरुस्ती बाहेरून सारखीच दिसते, ही यातली मेख आहे.

कायदा करणाऱ्यांना ती मेख ठाऊक होती असे दिसते. १९४७ च्या कायद्याचे २४ वे कलम त्यासाठीच आहे. भाडेकरूला मिळत असलेली अत्यावश्यक सोय मालकाने रास्त किंवा पुरेशा कारणावाचून तोडू नये वा रोखून धरू नये, असे ते सांगते. अत्यावश्यक सोय म्हणजे काय, तेही कायद्याने सांगितले आहे: पाणी, वीज, जिन्यावरचे व बोळातले दिवे, लिफ्ट, सफाई आणि संडासाची व्यवस्था. जिन्यावरचा दिवासुद्धा त्यात आहे, हे मला फार मोलाचे वाटते. ज्याने हे लिहिले त्याने चाळीचा जिना रात्री चढून पाहिला असावा.

सगळी लढाई होते ती 'रास्त किंवा पुरेसे कारण' या शब्दांवर. दुरुस्ती हे रास्त कारण आहे का? माझे मत विचाराल तर, सडलेला नळ बदलायला दोन दिवस पाणी बंद ठेवले, आधी सांगितले, पिंप भरून ठेवू दिले, तर कोणी शहाणा माणूस तक्रार करणार नाही. पण काम थांबलेले आणि पाणीही थांबलेले, हे कारण कसले? आणि मालकाला जागा रिकामी करूनच दुरुस्ती करायची असेल, तर कायद्याने त्याला वेगळी वाट ठेवली होती. त्याने कोर्टात जावे, दुरुस्तीची खरी गरज दाखवावी आणि हुकूम घ्यावा. तो हुकूम देताना कोर्ट भाडेकरूला विचारते, दुरुस्तीनंतर तुला परत यायचे आहे का? तो हो म्हणाला तर तसे हुकुमातच नोंदले जाते. त्याने ठरल्या तारखेला जागा दिली आणि मालकाने महिनाभरात काम सुरूच केले नाही, तर भाडेकरू ठरलेल्या मुदतीत अर्ज करून जुन्याच अटींवर जागा परत मागू शकतो. म्हणजे समोरच्या दाराने जायची सोय असताना मालक मोरीतून का शिरतो, हा प्रश्न कोर्टात विचारण्याजोगा आहे.

भाडेकरूही चुका करतात. सर्वांत मोठी चूक ही, की पाणी बंद झाले म्हणून भाडे बंद करायचे. रागाच्या भरात हे न्याय्य वाटते. पण थकलेले भाडे हे जागा खाली करून मागण्याचे कारण ठरते, आणि ज्याची बाजू खरी होती तोच दाव्यात सापडतो. जुने जाणते भाडेकरू मालकाने भाडे नाकारले तर मनीऑर्डरने पाठवीत आणि परत आलेली पावती ट्रंकेत जपून ठेवीत. त्या कागदाने कित्येकांची घरे वाचवली आहेत.

ऐन शहरात मात्र दुरुस्ती कोणीच करीना. मालक म्हणे भाडे पुरत नाही, भाडेकरू म्हणे इमारत तुझी. पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या. अखेर १९६९ साली राज्याने मुंबईसाठी इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा केला, जुन्या इमारतींवर उपकर बसवला आणि दुरुस्ती सरकारी मंडळाकडे आली. अशा इमारती त्या वेळी १९,६४२ होत्या. धोक्याच्या इमारतीतल्या लोकांसाठी संक्रमण शिबिरे उघडली. नाव संक्रमण, पण कित्येक कुटुंबांची पिढी तिथेच वाढली. परत येण्याचा हक्क कागदावर होता. परत येण्यासाठी इमारत नव्हती.

प्रमाण भाड्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. भाडे असे कायमचे गोठवणे आता वाजवी राहिलेले नाही, असे न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये म्हटले. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला व ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याआधी विदर्भाला वेगळा हुकूम, मराठवाड्याला हैदराबादचा कायदा आणि बाकीच्यांना मुंबईचा, अशी तीन तऱ्हा होती. ती मोडली. मालकाला भाडे दरसाल चार टक्के वाढवता येऊ लागले.

आपल्या कामाची कलमे यात राहिली आहेत. २९ वे कलम सोयींचे. भाडेकरूने अर्ज करायचा. मुंबईत लघुवाद न्यायालयात, आणि जिथे तसे न्यायालय नाही तिथे दिवाणी न्यायाधीशांकडे. निकड असेल तर मालकाला नोटीस जाण्याआधीही कोर्ट सोय पूर्ववत करण्याचा तात्पुरता हुकूम देऊ शकते. ठरल्या तारखेपर्यंत सोय दिली नाही तर दिवसाला शंभर रुपयांपर्यंत दंड, आणि कलम मोडल्याबद्दल तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. मालकाच्या हयगयीमुळे नगरपालिकेने पाणी तोडले, तर तेही मालकाने रोखल्यासारखेच धरले जाते. दंडाची रक्कम आजच्या मानाने क्षुल्लक आहे, हे मात्र खरे. १४ वे कलम दुरुस्तीचे: मालक करीत नसेल तर किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन भाडेकरूने स्वतः करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, मात्र वर्षाला त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नाही.

हा कायदा सगळ्या गावांना लागू नाही. त्याच्या परिशिष्टांत गावांची नावे दिली आहेत. आपले गाव त्यात आहे का, हे शिक्षकांनी एकदा पाहून ठेवावे, लोक त्यांच्याकडेच विचारायला येतात. नाव नसेल तर १८८२ चा तोच जुना कायदा उरतो. त्याच्या १०८ व्या कलमात, मालकावर जी दुरुस्ती बंधनकारक आहे ती त्याने नोटिशीनंतरही वाजवी वेळात केली नाही, तर भाडेकरूने ती करून खर्च भाड्यातून वजा करावा, असे म्हटलेले आहे. पण ती बंधनकारक कशावरून, हे करारावरून ठरते. तेव्हा खोली घेताना भाड्याच्या आकड्याबरोबर नळ, मोरी, संडास आणि वीज यांची नावेही कागदावर लिहून घ्यावीत, आणि खाली दोघांच्या सह्या.