वानगीतला वर्ण

सांगलीत दिवाळीआधी घरी पेंटर आला की आधी चहा होतो, मग पिशवीतून शेड कार्ड निघतं. एका कोपऱ्यात खिळा ठोकलेलं, पंख्यासारखं उलगडणारं. आजी म्हणतात, खिडकीपाशी आणा, इथं उजेड नाही. सूनबाई पट्टी पडद्याला लावून बघतात. पेंटर तीच पट्टी भिंतीला टेकवतो आणि सांगतो, "काकू, चारी भिंतींवर आला की हा एक घर गडदच दिसतो बघा. याच्या अलीकडचा घ्या." दर, स्क्वेअर फूट, पुट्टीचे हात हे सगळं नंतर. काम मिळणार की नाही ते बरंचसं या पंख्यावरच ठरतं.

या पट्टीला म्हणायचं काय? पेंटर 'शेड' म्हणतो, फरशीवाला 'सॅम्पल', टेंडर भरणारा 'नमुना'. मराठीत तिच्यासाठी अगदी नेमका शब्द होता, 'वानगी'. आता तो 'वानगीदाखल' एवढ्यापुरता उरला आहे. पण त्याचं कूळ शोधत मागे गेलं तर वाट थेट सराफकट्ट्यावर पोचते.

प्रतिस्पर्धी शब्द आधी निकालात काढू. 'नमुना' फारसी, 'दाखवणे' या अर्थाच्या 'नमूदन' क्रियापदातून आलेला. नमुना म्हणजे दाखवलेली गोष्ट. तो महसुली दप्तरात शिरला आणि तक्त्याचं नाव झाला. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा. भिंतीला लावायची रंगपट्टी आणि शेताचा उतारा एकाच शब्दाने ओळखले जातात, हे मजेचं खरं, पण त्यातून रंगाबद्दल काही कळत नाही. 'मासला' अरबी वळणाचा, त्याचा अर्थ उदाहरण. दोन्ही शब्द भारदस्त आहेत, पण कशाचंही सॅम्पल त्यांत बसतं.

वानगीचं तसं नाही. तिच्या पोटात रंग आहे.

संस्कृत 'वर्णिका', त्याचं प्राकृत 'वण्णिआ', अर्थ नमुना. संस्कृतातला 'र्ण' प्राकृतात 'ण्ण' होतो आणि मराठीत येताना त्याचा 'न' होतो. कर्ण, कण्ण, कान. पर्ण, पण्ण, पान. चूर्णाचा चुना. त्याच हिशेबाने वर्णाचा वान व्हायला हवा आणि 'वानगी'त तो तसाच बसलेला आहे. हिंदीतली 'बानगी' आणि गुजरातीतली 'वानगी' या तिच्या सख्ख्या बहिणी. गुजरातीत मात्र ती आज स्वयंपाकघरात रमली आहे. तिथे वानगी म्हणजे पदार्थ.

इथे एक वाद उभा राहतो. 'वाण नाही पण गुण लागला' या म्हणीत रंगाला 'वाण' म्हटलं आहे, 'ण' घेऊन. मग आपला नियम मोडला का? काही जण पुढे जाऊन संक्रांतीचं वाणही याच घरातलं मानतात. ते पटत नाही. संक्रांतीचं वाण 'वायन' या शब्दातून येतं, त्यातला 'ण' एकेरी 'न'मधून आलेला आहे, आणि ते नपुंसकलिंगी आहे: ते वाण. बियाण्याचा आणि रंगाचा मात्र 'तो वाण'. दोन वेगळी घराणी शेजारी राहिली आणि उच्चार एकमेकांचे उचलले, असंच म्हणावं लागतं. जुना 'न' जिवंत राहिला तो वानगीत, आणि खेड्यातल्या 'वानवळ्या'त: शेतातला पहिला माल शेजारीपाजारी, पाहुण्यारावळ्यांकडे चाखायला पाठवतात तो.

शेपटीची 'गी' हा दुसरा अडथळा. परवानगी, बंदगी यांच्यासारखी ती कानाला फारसी लागते, म्हणून अख्खा शब्दच फारसी ठरवण्याचा मोह होतो. पण डोकं संस्कृत आणि शेपूट फारसी असे शब्द व्यापारात काही नवे नाहीत. बाजारपेठेत फारसी शब्दांच्या संगतीने, 'वण्णिआ'पासून झालेल्या 'वानी'ची वानगी झाली असणार. नुसत्या शेपटीवरून कूळ ठरत नाही.

आता सराफकट्टा. 'सोनं' हा शब्द 'सुवर्ण'पासून आला, म्हणजे चांगल्या वर्णाचं ते. सोनं आणि वानगी यांच्या पोटी एकच 'वर्ण' आहे, आणि हा योगायोग नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सोनं पारखायची रीत सांगितली आहे: तपासायचं सोनं आधी कसोटीच्या दगडावर घासायचं, मग वर्णिका घासायची आणि दोन्ही कस ताडून बघायचे. ही वर्णिका म्हणजे शुद्धता ठाऊक असलेला सोन्याचा तुकडा. पुढे अबुल फजलच्या आईन-इ-अकबरीत 'बनवारी' नावाची पद्धत येते. पितळेच्या सुयांच्या टोकांना वेगवेगळ्या कसाच्या सोन्याचे कण बसवायचे, प्रत्येक सुईवर कस लिहून ठेवायचा आणि दगडावरची रेघ त्यांच्या रेघांशी जुळवायची. क्रम लावलेला, नाव दिलेला, वस्तूशेजारी धरून रंग ताडायचा संच. शेड कार्ड याहून वेगळं काय असतं?

शेड कार्डाचा पूर्वज म्हणून या सुयांना प्रतिस्पर्धी उमेदवार आहे, आणि तो तगडा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधला बागरचनाकार हम्फ्री रेप्टन गिऱ्हाइकासाठी लाल चामड्याच्या बांधणीची वही करायचा. त्यात जागेचं चित्र आणि त्यावर तेव्हाची जागा रंगवलेली एक कागदी झडप. झडप उचलली की काम झाल्यावरची जागा दिसे. आज मोबाईलवर भिंतीचा फोटो काढून रंग पालटून दाखवतात, त्याचा हा आजोबा. पण रेप्टन स्वप्न दाखवत होता. शेड कार्ड पुरावा दाखवतं. छापखान्याची शाई आणि भिंतीचा रंग हुबेहूब जुळणं कठीण, म्हणून चांगल्या कार्डावर खऱ्या रंगाचा हात दिलेले तुकडे चिकटवलेले असतात. सुईच्या टोकाला खरं सोनं, तसं.

सांगली जिल्ह्यात कागदावरून गिऱ्हाइकाशी बोलण्याची परंपराही मोठी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, पण डोळ्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत हे लक्षात आल्यावर यांत्रिक रेखनाकडे वळले. औंध संस्थानच्या राजांनी दिलेल्या माळरानावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिथल्या कारखान्यात नांगर बनत, पण लोखंडी नांगराने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ती काढायला नांगर प्रत्यक्ष चालवून दाखवावा लागला. जे लक्ष्मणरावांना करता आलं नाही ते पुतणे शंकररावांनी केलं. ते शिकलेले चित्रकार. कारखान्याची बातमी गिऱ्हाइकांपर्यंत नेणारी 'किर्लोस्कर खबर' त्यांनी १९२० मध्ये सुरू केली. पुढे त्यातलं 'खबर' गळालं आणि मराठीतलं एक मोठं मासिक झालं.

या शोधाला खरं तोंड फुटतं ते एका आडनावापाशी. १९४२ मध्ये मुंबईत चार मित्रांनी रंगांची कंपनी काढली, ती एशियन पेंट्स. संस्थापक चंपकलाल चोक्सी, चिमणलाल चोक्सी, सूर्यकांत दाणी आणि अरविंद वकील. गुजरातीत चोक्सी म्हणजे सोन्या-चांदीचा कस पारखणारा. आपल्या 'चोख सोनं'मधला चोख तोच. ज्या घराण्यांच्या नावात वर्णिका घासण्याचा धंदा आहे, त्यांनीच पुढे घराघरांत शेड कार्ड पोचवलं. आडनावावरून व्यवसायाची साखळी सिद्ध होत नाही, हे मान्य. तरी वर्णिका, वानगी आणि शेड कार्ड एका ओळीत मांडायला यापेक्षा बोलका दुवा मिळणं कठीण.

आणि सांगलीला हा दुवा परका नाही. गाडगीळ सराफांची पेढी इथे १८३२ सालापासूनची. विटा, खानापूर, आटपाडी भागातली गलाई कुटुंबं देशभरातल्या सराफबाजारांत भट्ट्या लावून सोनं-चांदी गाळतात. मार्केट यार्डात हळदीचा सौदा निघतो तेव्हाही व्यापारी पोत्यातून एक कांडी उचलतो, कट्दिशी मोडतो आणि आतला रंग बघतो. पोत्यावरचं लेबल तो वाचत बसत नाही. ती मोडलेली कांडी म्हणजे शब्दशः वानगी.

जाणता पेंटरही शेवटी कार्डावर विसंबत नाही. २०१९ च्या महापुरानंतर ओल धरलेल्या भिंतींनी तर त्याला हे पुरतं शिकवलं. ठरलेल्या रंगाचा छोटा डबा आणून तो दाराआडच्या कोपऱ्यात दोन फुटांचा पट्टा मारतो आणि निघून जातो. ओला रंग वेगळा दिसतो, वाळला की बदलतो. दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात एकदा आणि रात्री ट्यूबलाईट लावून एकदा घरची सगळी त्या पट्ट्यासमोर उभी राहतात, आणि मग त्याला फोन जातो.