दिसण्याचे नियम, लपण्याचे नियम
दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शिकागोच्या स्कूल ऑफ डिझाइनमध्ये ग्यॉर्गी केपेश कॅमोफ्लाज शिकवत होते. कारखान्याच्या कडा मोडायच्या, रंग जमिनीशी जुळवायचे, म्हणजे वैमानिकाला तो वेगळा दिसत नाही. यामागचे मानसशास्त्र मात्र शत्रुराष्ट्र जर्मनीतले! जवळच्या आणि सारख्या ठिपक्यांना डोळा आपोआप एका गटात बांधतो, हे माक्स वेर्थहायमर यांनी 1923 मध्ये मांडले होते. 1933 मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि या ज्यू शास्त्रज्ञाने देश सोडला. त्यांचे ऋण मान्य करणारे केपेश यांचे ‘लँग्वेज ऑफ व्हिजन’ 1944 साली प्रसिद्ध झाले. छायाचित्रकार हेच नियम उलट वापरतो. माणसाच्या डोक्यामागे खांब आला, तर डोळा दोघांना जोडणारच. म्हणून तो एक पाऊल बाजूला सरकतो.