गिनी पिगचे ऑपरेशन करावे की नाही? निर्णय कसा घ्यावा

मुलाच्या तापासाठी आलेले पालक कधीकधी निघताना विचारतात, "डॉक्टर, घरच्या गिनी पिगला मूतखडा निघालाय. ऑपरेशन सांगितलंय. एवढ्याशा जिवाचं करावं का?" मी माणसांचा डॉक्टर आहे. प्राण्याला तपासून सल्ला देण्याचे काम पशुवैद्यांचेच. पण निर्णय घेताना विचारायचे प्रश्न बरेचसे सारखे असतात.

ऑपरेशन कशासाठी लागते?

मूत्राशयातील खडा, वयस्क मादीच्या अंडाशयातील गाठी (सिस्ट), त्वचेखालील गाठी आणि पू साठलेली गळवे ही नेहमीची कारणे आहेत.

धोका किती असतो?

ब्रिटनमध्ये 2002 ते 2004 या काळात झालेल्या मोठ्या पाहणीत, भूल दिल्यानंतर 48 तासांत दगावण्याचे प्रमाण कुत्र्यांत 0.17 टक्के, सशांत 1.39 टक्के आणि गिनी पिगमध्ये 3.8 टक्के आढळले. म्हणजे 100 पैकी सुमारे 4 गिनी पिग दगावले. यात आधीच आजारी असलेले प्राणीही होते. एक किलो वजनाच्या गिनी पिगच्या अंगात जेमतेम 70 मिली रक्त असते, त्यामुळे थोडा रक्तस्रावही जड जातो. शरीर लवकर थंड पडते. ऑपरेशननंतर खाणे थांबले, तर आतड्यांचे कामही थांबते.

थांबू नये अशी लक्षणे

- लघवी अडणे किंवा लघवी करताना ओरडणे (नराच्या मूत्रमार्गात खडा अडकल्यास जीव धोक्यात येतो)
- लघवीतून रक्त येणे
- 12 तास काहीही न खाणे किंवा लेंड्या बंद होणे
- पाठ वाकवून, केस फुलवून कोपऱ्यात बसून राहणे

यांपैकी काही दिसल्यास त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्या. हळू वाढणारी, न दुखणारी गाठ असेल, तर तपासणी करून विचार करायला सहसा वेळ मिळतो.

पशुवैद्यांना काय विचारावे?

1. ऑपरेशन केले नाही, तर पुढच्या काही आठवड्यांत काय होईल?
2. दुसरा उपाय आहे का? काही सिस्टमध्ये इंजेक्शनने किंवा पाणी काढून तात्पुरता आराम मिळतो. मादीच्या मूत्रमार्गातील छोटा खडा कधीकधी न कापता काढता येतो.
3. तुम्ही गिनी पिगवर असे ऑपरेशन याआधी केले आहे का?
4. त्रास पुन्हा होईल का? मूतखडा काढल्यावरही परत होऊ शकतो.
5. एक्स-रे, भूल, औषधे आणि फेरतपासणी धरून एकूण खर्च किती?

गिनी पिगचे आयुष्य साधारण 5 ते 8 वर्षे असते. मात्र नुसते वय पाहून नकार देऊ नका. वजन टिकून आहे का, खाणे नीट आहे का, हे जास्त महत्त्वाचे.

माणसांचे नियम इथे चालत नाहीत

आपल्याला ऑपरेशनआधी रात्रीपासून उपाशी ठेवतात. गिनी पिगला उलटी होत नाही आणि त्याचे आतडे सतत चालू राहावे लागते. म्हणून पशुवैद्यांनी सांगितल्याशिवाय त्याला उपाशी ठेवू नका.

घरातली अँटिबायोटिक मुळीच देऊ नका. आपल्याला सर्रास दिले जाणारे अमॉक्सिसिलिन तोंडाने दिल्यास गिनी पिगच्या आतड्यातील उपयोगी जंतू मरतात, विषारी जंतू वाढतात आणि तो दगावू शकतो.

वसई-विरारहून नेताना

गिनी पिगवर उपचार सगळेच पशुवैद्य करत नाहीत, म्हणून आधी फोन करून खात्री करा. परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, म्हणजे आपले जुने 'बैलघोडा हॉस्पिटल', अनेकांना माहीत असते. पण तिथे जायचे असले तरी आधी चौकशी करूनच निघा. गिनी पिगला उकाडा सोसत नाही. त्यामुळे दुपारचा प्रवास आणि लोकलची गर्दी टाळा, सकाळी लवकर निघा. हवेशीर पेटीत सुके गवत आणि पाणीदार काकडी ठेवा.

घरी कोण बसणार?

हा प्रश्न ऑपरेशनच्या आधीच सोडवा. नंतरचे काही दिवस दर काही तासांनी, रात्रीसुद्धा, सिरिंजने पातळ खाणे भरवावे लागू शकते. रोज वजन करावे लागते. आईवडील दोघेही पहाटेच्या लोकलने कामावर जात असतील, तर रजा कोण घेणार हे आधी ठरवा. ही जबाबदारी मुलांवर टाकू नका.

ऑपरेशन न करण्याचा निर्णय

प्राणी खूप अशक्त असेल, आजार पसरला असेल किंवा खर्च झेपणारा नसेल, तर ऑपरेशन न करणे म्हणजे निष्ठुरपणा नव्हे. पण मग वेदनाशामक औषध पशुवैद्यांकडून घ्यायलाच हवे. त्यानेही त्रास कमी होत नसेल, तर वेदनारहित मृत्यूबद्दल त्यांच्याशी मोकळेपणाने बोला. काहीच न करता त्याला कुढत ठेवणे हा मात्र पर्याय नाही.

मुलांना खरे सांगा. "त्याला झोपवलं" असे म्हटल्याने लहान मुले झोपेलाच घाबरू शकतात. "तो खूप आजारी होता, आपण त्याचा त्रास थांबवला आणि यात तुझी काही चूक नव्हती," एवढे पुरेसे आहे.