अमळनेरचं वनस्पती तूप आणि एक सरळ झालेला रेणू

विप्रो म्हटलं की तुम्हाला बंगळूर आठवेल. पण ही कंपनी जन्मली आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला, २९ डिसेंबर १९४५ रोजी. नाव होतं वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. एम. एच. हाशम प्रेमजींनी काढलेल्या या कारखान्यात सुरुवातीला वनस्पती तूप बनायचं, नाव 'सनफ्लॉवर', आणि ७८७ नावाचा कपड्यांचा साबण. अमळनेरच का? कारण खान्देशात भुईमूग भरपूर.

आता प्रश्न असा, की पातळ तेलाचं रवाळ 'तूप' होतं कसं?

शेंगदाणा तेलातलं मुख्य मेदाम्ल म्हणजे ओलिक आम्ल. अठरा कार्बनची साखळी, मधोमध एक दुहेरी बंध आणि तिथे कोपरात वाकावी तशी वाकलेली. वाकड्या काड्यांची मोळी घट्ट बांधता येत नाही ना, तसंच हे रेणू एकमेकांना चिकटून बसत नाहीत. म्हणून ओलिक आम्ल साधारण १४ अंशांनाच वितळतं. निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन सोडला की दुहेरी बंध मोडतो, साखळी सरळ होते आणि स्टिअरिक आम्ल तयार होतं. ते वितळतं जवळपास ६९ अंशांना, म्हणजे मेणच! जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मानने १९०२ मध्ये या पद्धतीचं पेटंट घेतलं.

मेण कोण खाणार? म्हणून क्रिया अर्ध्यावर थांबवायची. आणि खरी गोम इथेच आहे. अर्धवट क्रियेत काही दुहेरी बंध मोडत नाहीत, फक्त फिरतात. बंध तसाच, पण साखळी सरळ. हेच ट्रान्स मेदाम्ल. ओलिकचं असं रूप म्हणजे इलेडिक आम्ल, वितळणबिंदू सुमारे ४५ अंश. पोळीवर घट्ट, तोंडात मऊ. तुपाची नक्कल जमली ती बऱ्याच अंशी याच रेणूमुळे.

जिभेला फरक कळला नाही, पण यकृताला कळला. १९९० मध्ये नेदरलँड्सच्या मेन्सिंक आणि काटान यांनी माणसांवर चाचणी करून दाखवलं, की ट्रान्स मेदाम्लांनी रक्तातलं एलडीएल वाढतं, शिवाय हृदयाला जपणारं मानलं जाणारं एचडीएल घटतं. संपृक्त मेद एलडीएल वाढवतो खरा, पण एचडीएल असं घटवत नाही. म्हणजे जो पदार्थ वर्षानुवर्षं गरिबाचं तूप म्हणून लग्नाच्या पंगतीत वाढला गेला, तो या बाबतीत साजूक तुपापेक्षाही वाईट निघाला.

मग दोष कुणाचा? १९४५ मध्ये अमळनेरला किंवा जगात कुठेही हे ठाऊक नव्हतं. पण कळल्यावरही आपण सावकाशच चाललो. भारतात तेल-मेदातल्या ट्रान्सची मर्यादा २ टक्क्यांवर आली ती थेट जानेवारी २०२२ मध्ये.

तेव्हा एवढं कराच: खारी-बिस्किटांच्या पुड्यावर 'अंशतः हायड्रोजनीकृत' हे शब्द शोधा. सापडले, तर पुडा परत ठेवा. आपल्या घाणीचं शेंगदाणा तेल पातळ आहे, वाकडं आहे, आणि तेच बरं आहे.