आगबोट सुटेपर्यंतची मुंबई

ज्यूल व्हर्नच्या 'ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा' या कादंबरीचा नायक फिलिअस फॉग २० ऑक्टोबर १८७२ रोजी दुपारी साडेचारला 'मंगोलिया' या आगबोटीतून मुंबईत उतरतो. कलकत्त्याची गाडी रात्री आठला. हातात साडेतीन तास. त्यात तो पासपोर्टवर शिक्का मारून घेतो आणि स्टेशनात जेवून घेतो. त्याने काय काय पाहिले नाही, याची यादी मात्र व्हर्न देतो : टाउन हॉल, किल्ला, गोद्या, कापसाचा बाजार, मशिदी, मलबार हिलवरचे देऊळ, घारापुरीची लेणी. फॉगचा नोकर पासपार्तू तेवढा मलबार हिलवर जातो, बूट घालून देवळात शिरतो आणि मार खाऊन अनवाणी पळत सुटतो. व्हर्न स्वतः हिंदुस्थानात कधीच आला नव्हता. तरीही फ्रान्समध्ये बसून त्याला ही यादी करता आली. याचा अर्थ, एका दिवसात मुंबई कशी पाहायची याचा साचा तोवर तयार झाला होता.

तो साचा आगबोटींनी घडवला. मुंबईतच बांधलेली 'ह्यू लिंडसे' २० मार्च १८३० रोजी सुएझकडे निघाली, तेव्हा तिच्यात कोळसाच इतका भरला होता की उतारूंना जागा उरली नव्हती. त्या सफरीला महिन्याहून अधिक काळ लागला. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा खुला झाला आणि आफ्रिकेला वळसा घालण्याची गरज संपली. मुंबई युरोपातून येणाऱ्यांचे पहिले हिंदी बंदर ठरली. डाकेची बोट नांगर टाकी, माणसे होड्यांतून पालवा बंदरावर उतरत आणि पुढची गाडी किंवा पुढची बोट मिळेपर्यंतचे तास त्यांच्या हाती पडत. त्या तासांवर शहरात अनेकांची पोटे चालू लागली : होडीवाले, व्हिक्टोरियावाले, वाटाडे, दुभाषे, गारुडी. इंग्लंडहून लोखंडी सांगाडा आणून उभारलेले वॉटसन हॉटेल बंदरापासून हाकेच्या अंतरावर होते. पुढे १९०३ मध्ये पाण्याच्या काठावरच ताजमहाल हॉटेल उघडले.

पाहुण्याला काय दाखवायचे, हे कौतुकाइतकेच अंतरानेही ठरत होते. मलबार हिल गाडीने जवळ. डोंगरवाडीत, म्हणजे पारशांच्या अंत्यविधीच्या जागी, पारशी पंचायतीची परवानगी काढून गेले की दख्म्याची, मृतदेह ठेवण्याच्या मनोऱ्याची, प्रतिकृती दाखवत. क्रॉफर्ड मार्केट १८६९ चे, त्याच्या दारावरची शिल्पे शिल्पकार लॉकवुड किपलिंग यांच्या देखरेखीखालची; फळे, फुले, पोपट आणि माणसे एकाच छपराखाली पाहायला मिळत. वेळ उरला तर महालक्ष्मीचा धोबीघाट. या साऱ्यांत खरे आकर्षण होते ते पाण्यापलीकडचे, आणि त्याला अर्धा दिवस लागे.

घारापुरी पालवा बंदरापासून दहा-अकरा किलोमीटरवर. बेटावर उतरण्याच्या जागेजवळ दगडात कोरलेला एक प्रचंड हत्ती उभा होता. तो पाहूनच पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा नाव दिले. १८१४ मध्ये त्या हत्तीचे डोके नि मान कोसळली. १८६४ मध्ये तो इंग्लंडला पाठवण्यासाठी उचलायला गेले, तर साखळी तुटली आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे राणीच्या बागेत आणून ठेवले गेले आणि १९१४ मध्ये जोडले गेले. आज हा हत्ती भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. ज्याने बेटाला परदेशी नाव मिळवून दिले, तो बेटावर उरलेला नाही.

लेण्यांचे हाल याहून जुने. पोर्तुगीज अमलात मूर्तींची मोडतोड झाली. तरी सदाशिवाची तिन्ही मुखे अंधारातून हळूहळू डोळ्यांपुढे येतात तेव्हा घाईतल्या माणसाचेही पाय थांबतात. एकोणिसाव्या शतकातल्या अनेक प्रवासवर्णनांत त्या क्षणाचे वर्णन आहे, आणि ते खोटे वाटत नाही. पण याच लेण्यात नोव्हेंबर १८७५ मध्ये युवराज एडवर्ड यांच्यासाठी रोषणाई करून मेजवानीची पंगत मांडली गेली. महाशिवरात्रीला भोवतालच्या गावांतून लोक जिथे शंकराच्या दर्शनाला येत, तिथे टेबले लागली. त्यावेळी तो मोठा मान समजला गेला. आज वाचताना मन खिन्न होते, कारण देवळाचे प्रेक्षणीय स्थळ होण्याची वाट अशाच पाहुणचारातून गेली.

इथवरचे पाहुणे वाटेतले होते. नोकरीसाठी, व्यापारासाठी कुठेतरी निघालेले. केवळ पाहण्यासाठी निघालेली बोटभर माणसे आली ती विसाव्या शतकात. न्यूयॉर्कच्या फ्रँक क्लार्क यांनी 'क्लीव्हलँड' ही जर्मन आगबोट घेऊन १६ ऑक्टोबर १९०९ रोजी सुमारे साडेसहाशे प्रवाशांची जगयात्रा काढली, तिचा मुक्काम मुंबईतही होता. पनामा कालवा तेव्हा पुरा झाला नव्हता, म्हणून यात्रा सॅन फ्रान्सिस्कोला संपली. १९२२-२३ मध्ये क्यूनार्ड कंपनीच्या 'लॅकोनिया' बोटीने पनामा आणि सुएझ दोन्ही कालव्यांतून सलग प्रदक्षिणा पुरी केली.

एकाच सकाळी शेकडो माणसे धक्क्यावर उतरली की शहराला तयारी करावीच लागते. अलेक्झांड्रा गोदी १९१४ मध्ये सुरू झाली. बॅलार्ड पिअरला बोटीतून उतरून थेट आगगाडीत बसण्याची सोय होती. १९२८ ला सुरू झालेली फ्रंटियर मेल त्या सोयीसाठीच गाजली. काही सफरींतले प्रवासी इथे उतरून रेल्वेने आग्र्याचा ताजमहाल पाहायला जात आणि पुढच्या बंदरावर आपली बोट पकडत. जे मुंबईत राहत, त्यांना संध्याकाळी बोटीच्या भोंग्याच्या आत परतावे लागे. पालवा बंदरावर वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांचे गेटवे ऑफ इंडिया ४ डिसेंबर १९२४ रोजी खुले झाले आणि पुढे मुंबईच्या असंख्य पोस्टकार्डांवर झळकले.

या साऱ्या यादीत गिरणगाव कधीच आले नाही. बोटी ज्या शहरात येत होत्या, ते शहर कापसावर आणि कापडावर उभे होते. भायखळा, लालबाग, परळ धक्क्यापासून काही मैलांवर. पण तिथे चिमण्यांचा धूर, चाळी आणि पाळी संपवून निघालेले कामगार. दाखवण्याजोगे म्हणून कोणी त्यांचा विचार केला नाही. बॅलार्ड पिअरहून थोडे उत्तरेला भाऊच्या धक्क्यावर कोकणातला चाकरमानी वळकटी घेऊन आपल्या बोटीची वाट पाहत असे. एकाच बंदरातले हे दोन प्रवासी, आणि एकाने दुसऱ्याला पाहिल्याची नोंद क्वचितच सापडते. परदेशी रोजनिश्यांमध्ये मुंबई इतक्या वेळा येऊनही मराठी माणूस त्यांत जवळजवळ नाही, याचे कारण या नकाशात आहे.

स्वातंत्र्यानंतर यादीत भर पडली. गांधीजींचे वास्तव्य असलेले मणिभवन १९५५ मध्ये संग्रहालय झाले. अलीकडे डबेवाले दाखवण्यासाठी पाहुण्यांची बस चर्चगेटबाहेर थांबते. १९८७ मध्ये घारापुरी जागतिक वारशाच्या यादीत गेली. बेटावर राजबंदर, शेतबंदर, मोरेबंदर अशी तीन गावे आहेत. तिथली माणसे डोली उचलतात, दुकाने लावतात, खानावळी चालवतात. त्यांची कमाई शेवटच्या लाँचबरोबर थांबते. युवराजांच्या रोषणाईनंतर एकशे बेचाळीस वर्षे उलटली, समोर मुंबई रात्रभर उजळत राहिली, आणि बेटावर संध्याकाळी काही तास जनरेटर चाले. समुद्राखालून टाकलेल्या साडेसात किलोमीटरच्या केबलमधून या गावांत कायमची वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये.