तोतया ऑनलाईन आहे!

मंडळी, पेपरात 'तोतया पोलीस', 'तोतया अधिकारी' असं आपण नेहमी वाचतो. पण मराठी मुलखातला सगळ्यात गाजलेला तोतया अडीचशे वर्षांपूर्वीचा.

१४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण 'भाऊ जिवंत आहेत' ही आवई काही थांबेना. खुद्द पत्नी पार्वतीबाईंनीही त्यांचा मृत्यू मानला नाही. अशात एकजण 'मीच भाऊ' म्हणत उभा राहिला. पेशव्यांनी त्याला रत्नागिरीला कैदेत टाकलं. पुढे १७७३ ला नारायणरावांचा खून झाला. १७७६ ला सवाई माधवराव जेमतेम दोन वर्षांचे, कारभारात गोंधळ. तेवढ्यात रत्नागिरीच्या रामचंद्र नाईक परांजप्यांनी कैद्याला सोडलं! हजारो माणसं त्याच्यामागे गेली, कोकणातले किल्ले हाती आले. शेवटी महादजी शिंद्यांच्या फौजेनं बंड मोडलं आणि त्याच वर्षी पुण्यात त्याला देहदंड झाला.

त्याच्याजवळ होतं काय? एक नाव, आणि भाऊ परत यावेत ही लोकांची इच्छा. बस्स. आम्ही कॉम्प्युटरवाले यालाच सोशल इंजिनिअरिंग म्हणतो. १९९० च्या दशकात अमेरिका ऑनलाईनचे कर्मचारी असल्याचं भासवून लोकांचे पासवर्ड काढून घेत, 'फिशिंग' हा शब्द तेव्हाचा.

आज जिंतूर-सेलूकडच्या कुणाचाही फोटो उचलून फेसबुकवर दुसरं खातं उघडता येतं. मग मित्रांना मेसेज: "अर्जंट आहे, वीस हजार टाक, संध्याकाळी देतो." किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर 'पीएम किसान'ची एपीके फाईल. ती इन्स्टॉल करून मागेल ती परवानगी दिली की मोबाईलवरचे ओटीपी भामट्याकडे, आणि सोयाबीनचे आलेले पैसे खात्यातून गायब!

उपाय जुनाच, ओळख पटवा. मेसेजला उत्तर न देता आपल्याकडच्या जुन्या नंबरवर फोन लावा. हल्ली आवाजाचीही नक्कल होते, तेव्हा घरातलीच एखादी गोष्ट विचारा. फेसबुकची मित्रयादी लपवा, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू ठेवा. एपीके फाईल कुणीही पाठवो, उघडू नका. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन करा. जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात. आयटी कायद्याच्या कलम ६६ड प्रमाणे अशा तोतयाला ३ वर्षांपर्यंत कैद आहे.

घरी आई-बाबांनाही हे एकदा समजावून सांगा. आपल्याच माणसाची खात्री करायला संकोच वाटतो, कबूल. पण खरा भाऊ विचारल्यावर रागावणार नाही. रागावतो, घाई करतो, तो तोतया!